सोलापुरात बसून उत्तर-मध्ययुगीन बिशपाचे चरित्र कसे लिहावे

उत्तर युरोपातील एखाद्या उत्तर-मध्ययुगीन कॅथलिक बिशपाचे चरित्र मराठीत लिहिण्याचे ठरवले, की कोणता बिशप थोर होता हे आधी पाहू नये. कोणत्या बिशपाचे कागद शिल्लक आहेत हे पाहावे. साधारण १३०० ते १५३० या काळात स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड, आइसलंड आणि स्कॉटलंड या प्रदेशांत शेकडो बिशप होऊन गेले. त्यांपैकी बहुतेकांविषयी आज निवडीचे साल, मृत्यूचे साल आणि मधल्या काळातील काही जमिनींच्या दस्तांवरचे शिक्के यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. एवढ्या सामग्रीवर कोशातील नोंद लिहिता येते, चरित्र लिहिता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला किंवा हौशी अभ्यासकाला महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी अथवा एखाद्या मासिकासाठी पंधरा-वीस पानांचा चरित्रलेख लिहायचा आहे, त्याने आपला विषय या एकाच कसोटीवर निवडावा.

निवडीला जागा आहे. आइसलंडमधील होलारचा बिशप योन आरासॉन हा कवी होता, त्याने आपल्या बेटावर छापखाना आणवला आणि ७ नोव्हेंबर १५५० रोजी दोन मुलांसह त्याचा शिरच्छेद झाला. कॅथलिक बिशपाला मुले कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच त्या समाजाची ओळख होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा बिशप विल्यम एल्फिन्स्टन याने १४९५ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन केले, त्यामुळे त्याच्यावर इंग्रजीत वाचायला बरेच मिळते. तरीही नवख्या लेखकाला मी स्वीडनमधील लिनशोपिंगचा बिशप हान्स ब्रास्क सुचवतो. तो १४६४ मध्ये जन्मला, १५१३ मध्ये बिशप झाला, १५२७ मध्ये देश सोडून गेला आणि १५३८ मध्ये पोलंडमधील एका मठात वारला. त्याच्या कचेरीतून बाहेर गेलेल्या पत्रांच्या नकला ज्या वहीत उतरवल्या जात, ती वही मुख्यतः १५२२ ते १५२७ या वर्षांपुरती टिकून राहिली आहे आणि तिची छापील आवृत्तीही निघाली आहे. पुढील सर्व सूचना त्याच्याच उदाहरणावर बेतल्या आहेत. इतर बिशपांना त्या थोड्या फेरफाराने लागू पडतील.

आधी पद समजून घ्यावे

सोलापुरातील वाचकाच्या मनात ‘बिशप’ या शब्दाबरोबर जे चित्र उभे राहते, ते या कामात अडचणीचे ठरते. आपल्या शहरातील मराठी ख्रिस्ती परंपरा मोठ्या प्रमाणावर अमेरिकन मराठी मिशनमधून आली आणि त्या मिशनच्या मूळ व्यवस्थेत बिशपपद नव्हतेच. त्यामुळे पाळक, मंडळी, उपासना हे आपल्या परिचयाचे शब्द मध्ययुगीन कॅथलिक बिशपावर लादले, की तो एखाद्या सज्जन प्रवचनकारासारखा दिसू लागतो. प्रत्यक्षात तो एकाच वेळी धर्मगुरू, न्यायाधीश, जमीनदार, राजाच्या मंडळातील सदस्य आणि सशस्त्र शिबंदी बाळगणारा गढीचा धनी होता. या पाच भूमिकांपैकी एकही वगळली, तर त्याच्या पत्रांतील निम्मी पत्रे अगम्य वाटतात.

म्हणून पहिले काही दिवस ब्रास्कला बाजूला ठेवून लिनशोपिंगच्या गादीची टिपणे काढावीत. स्वीडनमध्ये ११६४ पासून उप्सालाचा आर्चबिशप प्रमुख होता आणि त्याच्या हाताखाली स्कारा, लिनशोपिंग, स्ट्रेंगनेस, वेस्तेरोस, वेक्शो आणि फिनलंडमधील तुर्कू अशा सहा गाद्या होत्या. लिनशोपिंगच्या धर्मप्रांतात ओस्टरयोतलंड, स्मोलंडचा मोठा भाग, ओलंड बेट आणि गॉटलंड बेट येत असे. गॉटलंड १३६१ पासून डेन्मार्कच्या राजाकडे होते, तरी धर्माच्या कारभारात ते लिनशोपिंगकडेच राहिले. राज्याची सीमा आणि धर्मप्रांताची सीमा एक नव्हती, ही गोष्ट नकाशावर दोन रंगांत रंगवूनच समजून घ्यावी, कारण ब्रास्कच्या आयुष्यातील शेवटचे वळण याच फरकाच्या आधाराने घडले आहे. व्हादस्तेनाचा प्रसिद्ध मठही याच धर्मप्रांतात होता. संत ब्रिगिता हिच्या संघाचे ते मूळ स्थान असून तिला १३९१ मध्ये संतपद मिळाले होते. या मठाची रोजनिशी १३८४ ते १५४५ अशी दीर्घकाळ लिहिली गेली. चरित्रकाराला बिशपाच्या कचेरीबाहेरचा साक्षीदार हवा असतो, तो येथे मिळतो.

त्यानंतर उत्पन्न पाहावे. शेतकऱ्याने धान्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, हे सर्वांना माहीत असते. मात्र त्याची वाटणी कशी होत असे, हे फार थोडे लेखक सांगतात. स्वीडनमधील ढोबळ नियम असा होता, की एकतृतीयांश भाग गावच्या धर्मगुरूने ठेवावा आणि उरलेल्याचे चर्चची इमारत, बिशप आणि गोरगरीब असे तीन समान वाटे करावेत. म्हणजे दशमांशाची नऊ पोती जमा झाली, तर तीन धर्मगुरूकडे आणि प्रत्येकी दोन इतर तिघांकडे जात. प्रांतोप्रांती यात फरक होते आणि गरिबांचा वाटा सगळीकडे गरिबांपर्यंत पोहोचत होता असेही मानू नये. याखेरीज गादीच्या मालकीच्या शेतांचा खंड, दंडाची रक्कम आणि भक्तांनी मृत्युपत्राने दिलेल्या जमिनी होत्याच. ज्यांनी आपल्याकडील इनाम किंवा देवस्थान जमिनींची प्रकरणे वाचली आहेत, त्यांना या दस्तांची भाषा लवकर कळते: कोणी, कोणाच्या आत्म्याच्या शांतीसाठी, किती जमीन, कोणत्या अटीवर दिली आणि पुढे वारसांनी ती परत मागितली की नाही. हा शेवटचा प्रश्न वहीत ठळक लिहून ठेवावा, कारण १५२७ मध्ये सगळे राजकारण त्याच्यापाशी येऊन ठेपते.

गादीपर्यंतची वाट

चरित्रातील बालपणाचा भाग थोडक्यात आटोपावा. ब्रास्क लिनशोपिंग शहरातच, नागरी घराण्यात जन्मला. तो मोठ्या सरदार घराण्यातला नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती एका वाक्यात सांगून होते. आई-वडिलांचा स्वभाव, लहानपणीची धर्मनिष्ठा, एखाद्या वृद्ध धर्मगुरूचा प्रभाव असे काही कागदात नसते, आणि ते लिहिण्याचा मोह आवरावा. शिक्षणाचा भाग मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे. उप्साला येथे १४७७ पासून विद्यापीठ होते, तरी महत्त्वाकांक्षी स्वीडिश तरुण बाल्टिक समुद्र ओलांडून जर्मन विद्यापीठांत जात. ब्रास्क रोस्टॉक आणि ग्राइफ्सवाल्ड येथे शिकला, त्याने चर्चच्या कायद्यात डॉक्टर ही पदवी मिळवली आणि काही काळ रोममध्येही काढला. तो धर्मशास्त्राचा पंडित नसून कायद्याचा जाणकार होता, हे ध्यानात ठेवले तर पुढे जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याच्या मतांशी झगडताना तो चर्चचे हक्क, शपथा, सनदा आणि पूर्वापार वहिवाट यांवर इतका भर का देतो, ते उलगडते.

निवडणुकीच्या बाबतीत नवखे लेखक हमखास गडबड करतात. कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपाच्या मुख्य चर्चच्या, धर्मगुरूंचे मंडळ बिशप निवडत असे, पण पोपची मान्यता मिळेपर्यंत ती निवड अपुरी होती, आणि उत्तर-मध्ययुगात पोप मंडळाची निवड बाजूला सारून आपला माणूस नेमू लागला होता. लिनशोपिंगमध्ये नेमके हेच झाले. १५०१ मध्ये मंडळाने हेमिंग गाद याला निवडले. पोपने त्याला मान्यता न देता ती गादी हाइमे सेरा या स्पॅनिश कार्डिनलकडे, म्हणजे पोपच्या खालोखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी एकाकडे, सोपवली. कार्डिनल रोममध्ये, निवडलेला माणूस स्वीडनच्या युद्ध-राजकारणात आणि अधिकृत बिशप कोणीच नाही, अशी दहाबारा वर्षे गेली. हा पेच सुटून ब्रास्क बिशप झाला तो १५१३ मध्ये, म्हणजे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास. लेखात निवड, मान्यता आणि अभिषेक या तीन घटना तीन स्वतंत्र तारखांच्या म्हणून नोंदवाव्यात आणि ज्या घटनेची तारीख मिळत नाही तिच्यासमोर जागा मोकळी ठेवावी. तिन्ही घटना ‘गादीवर आला’ या एका क्रियापदात कोंबू नयेत.

तारखा आणि मुक्काम

येथे आपल्याकडील अभ्यासकाला एक फायदा आहे. शके, तिथी आणि वार यांवरून इंग्रजी तारीख काढण्यासाठी जंत्री वापरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना मध्ययुगीन युरोपची कालगणना परकी वाटत नाही. तेथील पत्रांवर अनेकदा महिना आणि दिनांक नसतो. एखाद्या संताचा सण आणि त्याच्या आधीचा किंवा नंतरचा वार दिलेला असतो. समजा, ‘१५२० मधील संत मार्टिनच्या सणाआधीचा गुरुवार’ अशी नोंद समोर आली. संत मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला असतो आणि त्या वर्षी तो रविवारी आला होता. म्हणून गुरुवार म्हणजे ८ नोव्हेंबर १५२०. आता हीच तारीख एखाद्या संगणकीय दिनदर्शिकेत टाकली आणि ती सोमवार दाखवू लागली, तर समजावे की ती दिनदर्शिका आजची ग्रेगोरियन पद्धत मागच्या काळावर ताणून लावत आहे. १५८२ पूर्वीच्या सर्व तारखा ज्युलियन पद्धतीच्या आहेत. त्या तशाच ठेवाव्यात, दहा दिवस मिळवून ‘दुरुस्त’ करू नयेत. नाताळापासून नवे वर्ष मोजण्याची पद्धतही त्या काळी अनेक ठिकाणी होती, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील पत्रावर पुढचे साल दिसले तर घाबरू नये. ईस्टरवर अवलंबून असलेले सण दरवर्षी हलतात. त्यांच्यासाठी त्या त्या वर्षाच्या ईस्टरचा तक्ता जवळ ठेवावा.

तारीख निश्चित झाली, की पत्र कोठून लिहिले ते टिपावे. पत्राच्या शेवटी स्थळ दिलेले असते: कधी लिनशोपिंग, कधी रोक्सेन तलावाकाठची मुंकेबूदाची गढी, कधी सॉदरशोपिंग बंदर. ही स्थळे तारखेच्या क्रमाने मांडली, की बिशपाच्या मुक्कामांची यादी तयार होते आणि माझ्या मते संपूर्ण चरित्राचा कणा हीच यादी आहे. हिवाळ्यात तो कोठे राहत असे, राजाच्या मंडळाच्या बैठकीला खरोखर गेला होता की आजाराचे कारण सांगून घरी थांबला होता, कोणत्या भागात त्याने कधीच पाऊल ठेवले नाही, हे त्याच्या शब्दांपेक्षा या यादीवरून अधिक खात्रीने कळते. एखाद्या पुस्तकात ‘त्या दिवशी बिशप स्टॉकहोमला होता’ असे विधान आढळले आणि आपल्या यादीत तो त्याच दिवशी मुंकेबूदाला दिसला, तर दोन्ही नोंदी पुन्हा तपासाव्यात. मात्र शिक्का आणि कचेरी मागे ठेवूनही मालक प्रवासाला जाऊ शकतो, ही शक्यता विसरू नये.

कागद मिळवणे आणि वाचणे

सोलापुरातून स्वीडनला जाण्याची गरज नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मध्ययुगीन पत्रांची सूची महाजालावर मोफत खुली केली आहे. तिच्यात ४०,००० हून अधिक नोंदी असून पुष्कळ नोंदींसोबत आधुनिक स्वीडिशमध्ये छोटा गोषवारा असतो. यंत्र-अनुवाद वापरायचा तर या गोषवाऱ्यावर वापरावा. जुन्या स्वीडिश किंवा संक्षेपांनी भरलेल्या लॅटिन मजकुरावर वापरला, तर वाक्ये गुळगुळीत येतात आणि अर्थ भलताच निघतो. शोध घेताना नावाची सर्व रूपे वापरावीत: स्वीडिशमध्ये हान्स, लॅटिनमध्ये योहान्नेस, आणि बिशप आपल्या पत्रात आडनाव न लिहिता ‘लिनशोपिंगचा बिशप योहान्नेस’ एवढेच लिहीत असल्यामुळे गावाच्या लॅटिन नावानेही शोधावे. पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोशातील धर्मसुधारणेवरील नोंदी आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातील जुन्या ग्रंथालयांत मिळणारे युरोपच्या इतिहासाचे सामान्य ग्रंथ पुरतात. सण, विधी आणि वस्त्रे यांविषयी शंका असल्यास जवळच्या कॅथलिक चर्चमधील फादरांना विचारावे. पाचशे वर्षांत विधी बदलले असले तरी सणांची चौकट त्यांना तोंडपाठ असते.

प्रत्येक पत्राची नोंद करताना त्याची भाषाही लिहावी. रोमला जाणारे पत्र लॅटिनमध्ये, राजाला आणि सरदारांना जाणारे स्वीडिशमध्ये, अशी साधारण विभागणी दिसते. घरात कन्नड किंवा तेलुगू, बाजारात मराठी-हिंदी आणि अर्जात इंग्रजी अशा शहरात वाढलेल्या अभ्यासकाला भाषा बदलली की सूरही बदलतो, हे सांगावे लागत नाही. रोममधील किंवा परदेशातील विश्वासू धर्मगुरूला लिहिताना ब्रास्क राजाविषयी जे बोलतो, ते राजाला लिहिलेल्या पत्रातील विनयाशेजारी ठेवून वाचावे. दोन्हींपैकी एकालाच ‘खरा ब्रास्क’ ठरवू नये.

नकलांच्या वहीची एक मर्यादा लेखाच्या सुरुवातीलाच सांगून टाकावी. ती बिशपाच्याच कचेरीने ठेवली आहे. तिच्यात बाहेर गेलेली पत्रे आहेत. आलेल्या पत्रांची उत्तरे वाचून मूळ पत्राचा अंदाज बांधावा लागतो. तोंडी निरोप तिच्यात नाहीत, आणि जी गोष्ट कागदावर यायला नको होती ती अर्थातच नाही.

ताट, उपवास आणि घरची माणसे

दैनंदिन जीवनाविषयी लिहिताना बहुतेक लेखक एकतर बिशपाला ऐषआरामी ठरवतात किंवा वैराग्यमूर्ती. ब्रास्कच्या घरातील जेवणाची एक लेखी व्यवस्था उपलब्ध असल्यामुळे येथे अंदाजाची गरज उरत नाही. मोठ्या घरात वेगवेगळ्या दर्जाच्या माणसांच्या पंगती वेगळ्या, त्यांची ताटे वेगळी आणि मांसाचे दिवस व माशांचे दिवसही वेगळे असत. असा कागद वाचताना पदार्थांच्या नावांत रमण्यापेक्षा तीन गोष्टी शोधाव्यात: किती प्रकारची माणसे जेवत होती, त्यांचा क्रम कोणता होता आणि वर्षातील किती दिवस मांस वर्ज्य होते. शुक्रवार, ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा काळ आणि अनेक सणांचे आदले दिवस जोडत गेले, की वर्षाचा मोठा हिस्सा माशांवर गेला हे कळते आणि मग खारवलेला हेरिंग, नॉर्वेहून येणारा वाळवलेला कॉड आणि तलावातील मासे यांचा व्यापार बिशपाच्या हिशेबात एवढा का डोकावतो, तेही समजते.

मोठ्या उपवासाच्या काळात मांसाबरोबर लोणी आणि दूधही चालत नसे. इटलीत त्याला ऑलिव्ह तेलाचा पर्याय होता. उत्तरेत ते पिकतच नसल्यामुळे लोणी खाण्याची सवलत पोपकडून मागावी लागे आणि त्या सवलतीसाठी पैसेही मोजावे लागत. सॅक्सनीसाठी पोप आठवा इनोसंट याने १४९१ मध्ये दिलेली अशी परवानगी प्रसिद्ध आहे. एकादशीला भगर चालते की नाही, यावर आपल्या घरांत जशी चर्चा रंगते, तशीच ही चर्चा होती. फरक इतकाच, की तिचा निकाल रोममध्ये लागत होता आणि त्याची पावती मिळत होती. ल्यूथरच्या अनुयायांनी याच पावत्यांवर बोट ठेवले, म्हणून उपवासाचा भाग लेखात ‘रंजक माहिती’ म्हणून कोपऱ्यात न टाकता धर्मसुधारणेच्या प्रकरणाला जोडावा.

शिक्क्याखालच्या चिठ्ठीचे काय करावे

ब्रास्कविषयी एकच गोष्ट माहीत असलेल्या माणसाला ही गोष्ट माहीत असते. १५१७ मध्ये राज्याचा कारभारी स्तेन स्तूरे धाकटा आणि आर्चबिशप गुस्ताव त्रोले यांचा झगडा टोकाला गेला; स्टॉकहोममधील सभेने त्रोलेला पदावरून दूर करण्याचा आणि त्याची आल्मारेस्तेकेतची गढी पाडण्याचा ठराव केला आणि त्या ठरावावर इतरांबरोबर ब्रास्कचाही शिक्का उमटला. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान स्टॉकहोममध्ये राज्याभिषेक करवून बसला, त्रोलेने नुकसानीचा दावा मांडला आणि ठरावावर शिक्के देणाऱ्यांवर पाखंडाचा आरोप आला. ८ नोव्हेंबरपासून सुरू झालेल्या शिरच्छेदांत सुमारे ८० ते १०० माणसे मारली गेली. त्यांत स्ट्रेंगनेसचा मतियास आणि स्काराचा व्हिन्सेंट हे दोन बिशपही होते. ब्रास्क वाचला. कथा अशी सांगते, की त्याने १५१७ मध्येच आपल्या मेणाच्या शिक्क्याखाली ‘हे मी नाइलाजाने आणि सक्तीने करत आहे’ अशी चिठ्ठी दडवली होती आणि ऐनवेळी शिक्का फोडून ती दाखवली. स्वीडिश भाषेत आजही मनातील राखून ठेवलेल्या अटीला ‘ब्रास्कलाप’ म्हणतात.

ही कथा जशीच्या तशी घेऊ नये आणि ‘दंतकथा’ म्हणून उडवूनही लावू नये. ती खरी की मागाहून रचलेली, यावर इतिहासकारांत एकमत नाही. लेखकाने तीन पायऱ्यांनी जावे. पहिली, समकालीन कागद काय सांगतो ते आधी लिहावे: ८ नोव्हेंबर १५२० रोजी ज्या धर्मगुरूंनी आरोपींच्या कृत्याला पाखंड ठरवणारा निवाडा दिला, त्यांच्यात ब्रास्कचे नाव आहे. आदल्या दिवशी आरोपाच्या कक्षेत असलेला माणूस त्या दिवशी न्याय करणाऱ्यांत बसला, ही गोष्ट चिठ्ठीपेक्षा अधिक बोचरी आहे आणि बहुतेक लोकप्रिय लेख ती गाळतात. दुसरी, चिठ्ठीची कथा कोण, किती वर्षांनी आणि कोणत्या हेतूने सांगतो ते पाहावे. ती सांगताना ‘असे म्हटले जाते’ एवढ्यावर न थांबता सांगणारा कोण ते नोंदवावे. तिसरी, कथेशिवाय त्याच्या सुटकेचे दुसरे स्पष्टीकरण शक्य आहे का ते तपासावे. तो कायद्याचा डॉक्टर होता आणि दडपणाखाली दिलेली संमती बंधनकारक नसते, हे तत्त्व त्याला माहीत असणारच. असा निषेध त्याने कोणत्या तरी रूपात नोंदवला असणे अशक्य नाही. यापुढचा निर्णय वाचकावर सोपवावा.

१५२७ च्या वेस्तेरोस येथील सभेबाबत हीच दक्षता हवी. क्रिस्तियाननंतर स्वीडनचा राजा झालेल्या गुस्ताव वासा याने पदत्यागाची धमकी दिली, ब्रास्कने पोपला दिलेल्या शपथेचा हवाला देऊन भाषण केले आणि अखेर सभेने राजाचे म्हणणे मान्य केले, हा नाट्यमय प्रसंग आपल्याला मुख्यतः पेदर स्वार्त याच्या बखरीतून मिळतो. स्वार्त हा स्वतः नव्या पंथाचा बिशप आणि राजाच्या बाजूचा लेखक. त्याने ती बखर १५६० च्या सुमारास लिहिली. पेशवाईच्या बखरींतील संवाद आपण जसे सावधपणे वाचतो, तसेच हे भाषण वाचावे आणि अवतरणचिन्हांत टाकून ब्रास्कच्या तोंडी घालू नये. सभेचा निर्णय मात्र पक्का आहे: बिशपांच्या गढ्या आणि ‘अतिरिक्त’ उत्पन्न राजाकडे जावे आणि १४५४ नंतर चर्चला दिलेल्या जमिनी सरदारांच्या वारसांना परत मागता याव्यात. सरदार राजाच्या पाठीशी का उभे राहिले, याचे उत्तर धर्ममतात शोधण्यापूर्वी या दुसऱ्या कलमात शोधावे.

छापखाना आणि पक्षपात

ब्रास्कला ‘जुन्या काळाचा माणूस’ म्हणून रंगवणे फार सोपे आहे आणि चुकीचेही. त्याने सॉदरशोपिंगला छापखाना चालवला आणि ल्यूथरविरोधी मजकूर छापून वाटला. १५२६ मध्ये राजाने तो बंद करवला आणि त्याच वर्षी राजाच्या आश्रयाने बायबलमधील नव्या कराराचा स्वीडिश अनुवाद छापला गेला. पूर्वेकडील बाल्टिक समुद्रापासून देशातील मोठ्या तलावांपर्यंत कालवा काढण्याची कल्पनाही १५१६ च्या सुमारास त्याने मांडली होती. तसा कालवा एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्षात आला. दुसरीकडे, ओलाउस पेत्री या सुधारकाने धर्मगुरू असून १५२५ मध्ये लग्न केले, तेव्हा ब्रास्कने राजाकडे कडक निषेध नोंदवला आणि बायबलच्या अनुवादालाही त्याचा विरोध होता. या दोन्ही बाजू एकाच प्रकरणात शेजारी ठेवाव्यात. स्वीडनचा इतिहास बराच काळ जिंकलेल्या बाजूने लिहिला गेला, तेव्हा ब्रास्कचा कैवार घेण्याचा मोह होतो. तोही तितकाच टाळावा.

मराठी वाचकासाठी कालरेषेत स्थानिक घटनांचा एक स्तंभ ठेवला तर लिहिताना काळाचे भान राहते. ब्रास्कच्या कचेरीत पत्रांच्या नकला उतरवल्या जात होत्या त्याच सुमारास, १५२४ च्या आसपास, बुऱ्हाण निजामशहाचा विवाह आदिलशाही घराण्यातील मरियमशी झाला आणि हुंड्यात कबूल केलेला सोलापूरचा किल्ला न मिळाल्यामुळे दोन्ही दरबारांत दीर्घ वैर जुंपले. हा स्तंभ लेखकाच्या टिपणवहीत असावा, लेखात नको. दोन्हींची तुलना करण्यात पाने खर्च झाली, की बिशप मागे पडतो.

देशत्यागानंतरची वर्षे

वेस्तेरोसच्या सभेनंतर काही महिन्यांतच ब्रास्क आपल्या धर्मप्रांतातील गॉटलंडच्या पाहणीला म्हणून निघाला आणि तेथून बाल्टिक किनाऱ्यावरील डान्झिगला (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) गेला. स्वीडनच्या राजाची सत्ता ज्या बेटावर चालत नव्हती, तेथे जाण्याचा अधिकार त्याच्या पदानेच त्याला दिला होता. पत्रांची वही येथे थांबते. म्हणून १५१३ ते १५२७ या चौदा वर्षांना जेवढी पाने दिली, तेवढी पुढच्या अकरा वर्षांना देता येत नाहीत, आणि परक्या देशातील म्हाताऱ्या बिशपाचे दुःख कल्पनेने रंगवून ही तूट भरून काढू नये. या काळासाठी पोलंड आणि डान्झिगकडील संग्रह तसेच योहान्नेस माग्नुसचा पत्रव्यवहार पाहावा. उप्सालाच्या आर्चबिशपपदासाठी निवडला गेलेला हा धर्मगुरूही देश सोडून डान्झिगमध्येच राहत होता. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात गॉटलंड ते डान्झिग हा मार्ग, या दोघांचे एकाच शहरातील वास्तव्य आणि ३० जुलै १५३८ रोजी लोंद येथील सिस्टर्शियन संघाच्या मठात झालेला मृत्यू एवढे यावे. लोंद हे नाव जुन्या कागदांत लांदा असेही येते, त्यामुळे नकाशावर पोलिश नावाने गाव निश्चित करूनच मृत्युस्थळ लिहावे आणि ते डान्झिग म्हणून छापले जाणार नाही याची मुद्रिते तपासताना खात्री करावी.